आपल्या घराचें छप्पर

नवलाख उंबरे हें नांव कानीं पडलें म्हणजे बाहेरगांवच्या माणसास सहज वाटतें, कीं येथें नऊ लाख उंबरे, म्हणजे तितकीं घरें, असावींत. हे उंबरे कोणीं मोजले हें विचारण्यांत अर्थ नाहीं. परंतु गेल्या चैत्रांत नववीच्या वर्गांत ही गंमत चालली असतां मागच्या बांकावरून एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, नऊ लाख घरें असतील तर तीं शाकारायला माणसें कोठून आणीत असतील?" वर्ग हंसला, मीहि हंसलों. मग मीं मुलांस विचारलें, "आपल्या घराचें छप्पर शेवटचें केव्हां पाहिलें, हें कोण सांगेल? त्याच्याखालीं झोपलों, हें उत्तर चालणार नाहीं. नीट मान वर करून पाहिलें, असें कोणी आहे काय?" बराच वेळ एकहि हात वर झाला नाहीं. शेवटीं झाला तो त्याच मुलाचा. मागील आषाढांत त्याच्या आजारी आजीच्या अंथरुणावर पाणी गळत होतें, आणि तो व त्याचे वडील आळीपाळीनें रात्रभर परात धरून बसले होते. छप्पर पाहण्याचा प्रसंग त्यांस आला, पण तो आषाढांत आला. त्या वेळीं पाहण्यापलीकडे कांहीं करतां येत नाहीं.

हा लेख त्या मुलासारख्या विद्यार्थ्यांसाठीं व त्यांच्या पालकांसाठीं आहे. त्यांत शास्त्र थोडें व व्यवहार अधिक आहे.

आपला मावळ नकाशावर लहान दिसतो, पण पावसाच्या हिशेबानें तो एक देश नसून दोन-तीन देश आहेत. लोणावळ्यास वर्षाकाठीं चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून रेल्वेनें अवघ्या साठ-पासष्ट किलोमीटरांवर असलेल्या पुण्यास सुमारें सातशें. समुद्रावरून येणारे नैर्ऋत्येचे वारे सह्याद्रीच्या भिंतीवर चढतात, चढतांना थंड होतात आणि आपला बहुतेक भार माथ्यावरच उतरवितात. पूर्वेकडे उतरतांना ते कोरडे होत जातात. आपलें नवलाख उंबरे या दोन टोंकांच्या मध्यें आहे. येथें पाऊस लोणावळ्याहून कमी. पण घाटाकडून येणारा वारा उघड्या माळावर मोकळा सुटतो, व पाऊस सरळ न पडतां आडवा येतो. त्याला आपण झड म्हणतों. आभाळांतून पडणाऱ्या पाण्याला छप्पर अडवितें; झडीचें पाणी वळचणीखालून, पत्र्यांच्या सांध्यांतून, कौलांच्या जोडांतून उलटें वर चढतें.

किती पाणी? हें गणित सातवीच्या मुलासहि करतां येईल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर तें पाणी बरोबर एक लिटर भरतें. दहा मीटर लांब व सहा मीटर रुंद घरावरचें छप्पर साठ चौरस मीटर जागा झांकतें. असें घर लोणावळ्यास असेल, तर वर्षाला दोन लाख चाळीस हजार लिटर पाणी त्या छपरावरून वाहून जातें, आणि त्याचा फार मोठा भाग चार महिन्यांत. घरांत येणारें पाणी म्हणजे या प्रवाहांतून वाट चुकलेले कांहीं थेंब होत. तें आपणांस फार वाटतें, यांत छपराचें एक प्रकारें कौतुकच आहे.

आमच्या आजोबांच्या पिढीला हें सांगावें लागत नसे. तेव्हां मावळांतील घरांवर भाताचा पेंढा किंवा गवत असे, कारवीचे कूड असत, आणि ज्याची ऐपत बरी त्याच्या घरावर गांवच्या कुंभारानें भाजलेलीं नळीचीं कौलें असत. हीं छप्परें दुबळीं होतीं, आणि दुबळीं होतीं म्हणूनच त्यांच्याकडे दरवर्षीं लक्ष द्यावें लागे. उन्हाळा सरतां सरतां शाकारणी व्हायची. एक जण वर, एक शिडीवर, एक खालीं. सारीं कौलें उतरवून, फुटकीं बाजूस टाकून, कुजलेले वासे व रिपा बदलून पुन्हां चढवायचीं. बायका व मुलें कौलें हातोहात पोंचवीत. रोहिणी नक्षत्र लागतें मेच्या पंचविशीला आणि मृग जूनच्या सातव्या तारखेच्या सुमारास. शाकारणी रोहिणीच्या आधीं उरकली पाहिजे, हा दंडक होता. वर्षांतून एकदां छप्पर हातानें चाचपलें जात होतें. पत्रा व स्लॅब आल्यावर आपण शाकारणीचा त्रास सोडला, तो सुखानें सोडावा. पण त्याबरोबर पाहणीहि सोडली, हें मात्र आपलें चुकलें.

मध्यंतरीं आलेलें मंगलोरी कौल हें या दोहोंमधील दुवा आहे, आणि त्याचा इतिहास मिशनच्या शाळेंत सांगण्यासारखा आहे. एकमेकांत अडकणाऱ्या खांचांचें चपटें कौल प्रथम काढलें तें फ्रान्सच्या आल्सेस प्रांतांतील जिलार्दोनी बंधूंनीं. त्यांचें पेटंट १८४१ चें. आपल्या देशांत त्या धर्तीच्या कौलांचा कारखाना मंगळुरास जेप्पू येथें १८६५ मध्यें बासेल मिशननें काढला. प्लेब्स्ट नांवाच्या मिशनच्याच एका माणसानें तेथील चिकणमाती पारखून हा उद्योग उभा केला. हेतु असा, कीं धर्मांतरामुळें ज्यांचें पूर्वीचें जातीचें काम सुटलें होतें, त्यांस स्वाभिमानाची भाकरी मिळावी. पुढें तीं कौलें पश्चिम किनाऱ्यावर व घाटावर सर्वत्र पसरलीं. तुमच्या गांवांतील जुन्या शाळेवर किंवा चावडीवर तीं असतील तर एकाद्या सुट्या कौलाची खालची बाजू पाहा. कारखान्याचें नांव मातींतच उमटविलेलें बहुधा सांपडेल.

या कौलांची परीक्षा कानानें होते. बोटाच्या पेरानें टिचकी मारावी. धड कौल खणखणतें, तडा गेलेलें बद्द वाजतें. चौरस मीटरास सुमारें पंधरा कौलें लागतात, तेव्हां सारें घर वाजवून पाहण्याचें कारण नाहीं. भर दुपारीं दारें-खिडक्या लावून घरांत उभें राहावें व जमिनीकडे पाहावें. जेथें उन्हाचा कवडसा पडतो, तेथें पावसाचाहि मार्ग आहे. कवडशावर खडूनें फुली करावी, त्याच्या सरळ रेषेंत वर पाहावें आणि तेवढेंच कौल काढून वाजवावें. आमच्या भागांत कौलांचा खरा शत्रु पाऊस नसून वानरें आहेत, असें एक वृद्ध सुतार मला नेहमीं सांगत. डोंगराकडेच्या वाड्यांतील लोकांस यावर अधिक सांगणें नको.

आतां पत्र्याकडे येऊं. कारण आज आपल्या पंचक्रोशींतील पुष्कळ घरें पत्र्याचीं आहेत, आणि जीं स्लॅबचीं आहेत त्यांच्याहि पडव्या व गोठे पत्र्याचेच असतात. नालीदार लोखंडी पत्र्याचें पेटंट लंडनच्या गोदीचे एंजिनियर हेन्री पामर यांनीं १८२९ मध्यें घेतलें. पातळ पत्र्यास नाली पाडली कीं तोच पत्रा कितीतरी अधिक भार सोसतो. वहीचा कागद पंख्यासारखा घडी घालून दोन पुस्तकांवर आडवा ठेवून पाहा. लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याची रीत फ्रान्समध्यें सोरेल यांनीं १८३७ मध्यें काढली. हें जस्त मोठें उदार आहे. पत्र्यास ओरखडा गेला व लोखंड उघडें पडलें, तरी आसपासचें जस्त आधीं स्वतः झिजतें व लोखंडास वांचवितें. पत्र्यावर पांढरी भुकटी दिसली, तर जस्त आपलें काम करीत आहे असें समजावें. तांबडा डाग दिसला, तर तेथील जस्त संपलें व आतां लोखंडाची पाळी आली.

परंतु पत्रा गंजून भोंक पडण्यास वर्षें लागतात. घराचें नुकसान बहुधा त्यापूर्वींच, निराळ्या ठिकाणाहून होतें. हें ज्या दिवशीं मला कळलें, त्या दिवसाची हकीकत सांगतों.

३ जून २०२० रोजीं दुपारीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर आलें. किनाऱ्यावर वाऱ्याचा वेग ताशीं १०० ते ११० किलोमीटर होता, झोत १२० पर्यंत जात होते. घाट चढून तें आपल्याकडे आलें तेव्हां त्याचा जोर कमी झाला होता, तरीहि मावळ, मुळशी, खेड व जुन्नर या तालुक्यांत किती घरांचे, शाळांचे व कोंबड्यांच्या शेडचे पत्रे उडाले, हें पालकांस आठवत असेल. आम्ही तेव्हां याच भागांत एका भाड्याच्या घरांत राहत होतों. पश्चिमेच्या पडवीवर सहा पत्रे होते. त्यांतल्या एका खिळ्याखालीं दोन पावसाळे मी तांबडा ओघळ पाहत होतों, आणि दोन पावसाळे त्याखालीं बादली ठेवीत होतों. घर आपलें नाहीं, मालक पाहील, असें मनाशीं म्हणत होतों. वादळांत प्रथम तोच पत्रा त्या कोपऱ्यांतून फडफडूं लागला. दहा मिनिटांत सहाहि पत्रे गेले. आणि ज्या लोखंडी पाइपांवर ते ठोकले होते, ते पाइपहि भिंतींतून उपटून गेले. पाइप विटांच्या खोबणींत नुसते ठेवून वर सिमेंट लिंपलें होतें. त्यांतील एक पत्रा शेजारच्या गोठ्याच्या भिंतींत उभा रुतलेला आम्हांस सांपडला. तेथें दररोज संध्याकाळीं त्या घरची सून धार काढावयास बसत असे. त्या दिवशीं गाय दुसरीकडे बांधली होती.

पत्रा वर कां जातो? आपणांस वाटतें, वारा छपरावर आपटतो व त्यास दाबतो. प्रत्यक्षांत बहुतेक छपरांस वारा उचलतो. एक वीतभर लांब व दोन बोटें रुंद अशी कागदाची पट्टी घ्या, एक टोंक खालच्या ओठाखालीं धरा आणि पट्टीच्या वरून जोरानें फुंकर घाला. लोंबणारें टोंक वर उचललें जाईल. छपरावरून वारा वेगानें जातो तेव्हां वरचा दाब घटतो, घरांतील हवेचा दाब मात्र कायम राहतो, व छप्पर फुग्याप्रमाणें वर ढकललें जातें. त्यांतच पश्चिमेची खिडकी किंवा दार उघडें असेल, तर वारा आंत शिरून खालूनहि ढकलतो. वादळांत वाऱ्याकडील दारें लावून घ्यावींत, याचें कारण हें.

हा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट. ताशीं ११० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरास सुमारें सत्तावन्न किलो वजनाइतका भरतो. छपराच्या कडांस व कोपऱ्यांस ओढ इतकी, क्वचित् याहून अधिक, बसते, मध्यभागीं कमी. तीन मीटर लांब व एक मीटर रुंद पत्र्यावर ही ओढ एकशें सत्तर किलोंच्या घरांत जाते. त्या पत्र्याचें स्वतःचें वजन पंधरा किलोंच्या आसपास. म्हणजे दीडशें किलोंहून अधिक भार कोणीतरी धरून ठेवला पाहिजे. तो पत्रा धरीत नाहीं. तो खिळे, हुक, पाइप व पाइपाची भिंतींतील पकड, हीं धरतात. यांतील जें सर्वांत अशक्त, तितकेंच आपलें छप्पर सशक्त. भारतीय मानकांत पुण्यासाठीं इमारतीच्या आंखणीचा मूळ वेग सेकंदास ३९ मीटर, म्हणजे ताशीं १४० किलोमीटर, धरला आहे. त्याचा हिशेब विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावा.

आतां पत्र्यावर दगड ठेवण्याच्या आपल्या चालीचा विचार करा. दहा किलोंचा दगड दीडशें किलोंच्या ओढीपुढें काय करणार? साध्या वाऱ्यांत तो फडफड थांबवितो, इतकें खरें. वादळांत तो पत्र्याबरोबर उडतो किंवा घरंगळून खालीं येतो. जुनीं टायरें निदान डोकें फोडीत नाहींत, एवढाच त्यांचा गुण. ज्या पैशांत मजूर लावून दगड वर चढविले जातात, त्याच पैशांत कडेच्या ओळींचे जे-बोल्ट दुप्पट करून घेतां येतात.

तेव्हां पाहणी करावयाची ती पत्र्याची नव्हे, सांध्यांची; आणि ती बहुतेक सारी जमिनीवर उभें राहून होते. प्रथम रस्त्यावरून, लांबून पाहावें. आढ्याची रेघ सरळ आहे कीं मध्यें खचली आहे? खचली असेल तर खालचा वासा कुजला किंवा पाइप वांकला आहे, आणि तें काम सुताराचें किंवा वेल्डरचें, डांबराच्या डब्याचें नव्हे. मग वळचणीखालीं जावें. पाइप भिंतीस कसा धरला आहे तें पाहावें. भिंतीवरील कांक्रीटच्या पट्टींत रोवलेल्या लोखंडी पट्टीस किंवा बोल्टास तो जखडलेला असावा. आमच्या पडवीप्रमाणें नुसता खोबणींत बसविला असेल, तर याच उन्हाळ्यांत गवंड्यास बोलवावें. लांकडी वासे असतील तर भिंतींत शिरतात त्या टोंकास चाकूचें पातें टोंचून पाहावें. वाळवीनें पोखरलेला वासा बाहेरून गुळगुळीत दिसतो, पण चाकू लोण्यांत शिरावा तसा आंत जातो.

त्यानंतर शिडीवरून, हात पोंचेल तेवढ्याच कडेचे स्क्रू पाहावेत. प्रत्येक स्क्रूखालीं रबरी वायसर असतो. वैशाखाच्या उन्हांत तो कडक होऊन चिरतो, आणि पाणी येतें तें बहुतेक तेथूनच. शिवाय पत्रा दररोज हालतो. दुपारीं उन्हानें तापलेला सहा मीटर लांबीचा पत्रा पहाटेच्या मानानें साडेतीन मिलिमीटर वाढतो व रात्रीं पुन्हां आंखडतो. संध्याकाळीं छपरावर जो टकटक आवाज येतो तो या आंखडण्याचा. असें हजारों वेळां झालें म्हणजे स्क्रूचें भोंक लांबट होतें. तेथें नुसता स्क्रू आवळून उपयोग नाहीं. एक माप मोठा स्क्रू व नवा वायसर घालावा, आणि इतकाहि आवळूं नये कीं रबर चेंगरून बाहेर येईल. नालीदार पत्र्यावर स्क्रू नालीच्या उंचवट्यावर हवा, खोलगटांत नव्हे; खोलगटांतून पाणी वाहतें. पत्र्यावर पत्रा चढतो त्या सांध्याचें तोंड पूर्वेकडे असावें, म्हणजे पश्चिमेचा वारा त्यांत पाणी कोंबणार नाहीं. आमच्या पडवीचे सांधे उलट होते. बसविणाऱ्यानें ज्या बाजूस शिडी लावणें सोयीचें, त्या बाजूनें सुरुवात केली होती.

आतां मला जें सर्वांत महत्त्वाचें वाटतें तें सांगतों. वादळाच्या दुसऱ्या दिवशीं, ४ जूनला, आमच्या आळींतील एक गृहस्थ आपल्या घरावर प्लॅस्टिकचा कागद अंथरावयास चढले. त्यांचे पत्रे सिमेंटचे, करड्या रंगाचे, वीस-पंचवीस वर्षांचे. ते गृहस्थ हमालीचें काम करीत, अंगानें दणकट. ते दोन पाइपांच्या मध्यें पाऊल टाकते झाले, पत्रा कडकन् फुटला, व ते खालच्या चुलीच्या ओट्यावर पडले. जीव वांचला. मात्र कंबरेच्या हाडामुळें पुढें पोतें उचलणें झालें नाहीं. त्यांचा मुलगा त्या वर्षीं दहावींत होता, तो परीक्षा झाल्यावर कामास लागला. प्लॅस्टिकचा कागद पांचशें रुपयांचाहि नसेल.

सिमेंटचा जुना पत्रा वरून दगडासारखा दिसतो व आंतून ठिसूळ झालेला असतो. तो भिजल्यावर निसरडा होतो, व शेवाळानें अधिकच. त्यावर माणसाचा भार कदापि देऊं नये. चढणें अटळच असेल तर दोन-तीन पाइपांवर टेकेल अशी रुंद फळी टाकून, कमरेस दोर बांधून, खालीं दुसरा माणूस ठेवून, कोरड्या दिवशीं सकाळीं चढावें. आणि तेंहि ज्याचा तो धंदा आहे त्यानें. भर पावसांत गळती लागली तर घरांत परात ठेवावी, अंथरूण हलवावें, विजेची कळ बंद करावी आणि उघडीपीची वाट पाहावी. पत्रा भिजलेला असतां कोणी वर जाऊं नये. विद्यार्थ्यांनीं तर कोणत्याहि ऋतूंत छपरावर चढूं नये. चेंडू अडकला असेल तर अडकूं द्यावा.

या जुन्या करड्या पत्र्यांविषयीं आणखी एक. त्यांतील पुष्कळांत अॅस्बेस्टॉस नांवाचा खनिज तंतु असतो. पत्रा धड असतां तो आंत बद्ध राहतो. पण करवतीनें कापतांना, भोंक पाडतांना, फुटल्यावर किंवा कोरड्या ब्रशानें शेवाळ खरवडतांना त्याची बारीक धूळ उडते. ती श्वासाबरोबर फुप्फुसांत जाऊन बसते, व कित्येक वर्षांनंतर कर्करोगासारखे रोग उत्पन्न करते, असें जागतिक आरोग्य संघटनेनें स्पष्ट सांगितलें आहे. फुटलेला तुकडा पाण्यानें भिजवून, न तोडतां, जाड पिशवींत बांधून दूर करावा. त्याचा चुरा करून अंगणांत भर घालण्याची चाल मीं पाहिली आहे. त्याच अंगणांत मुलें गोट्या खेळतात.

स्लॅबच्या घरांविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण त्यांचें दुखणें हळू असतें. गच्चीचें पाणी पन्हळीकडे धांवलें पाहिजे. पावसानंतर दोन दिवस ज्या जागीं डबकें राहतें तेथें उतार चुकला आहे. पन्हळींच्या तोंडांतील पालापाचोळा वळिवाच्या आधीं काढावा. भिंतीच्या कडेला उगवलेलें पिंपळाचें रोप कोंवळें असतांनाच मुळासकट काढावें. पुढच्या वर्षीं तें निघत नाहीं, भिंत निघते. आंतून छताचे पोपडे निघूं लागले व तांबूस रेघा दिसल्या, तर आंतील सळ्या गंजल्या आहेत. गंज हा मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून तो आपल्याभोंवतालचें कांक्रीट फोडून बाहेर येतो. अशा छतास चुना लावून झांकणें म्हणजे तापावर पांघरूण घालणें होय. एक हजार लिटरची टांकी भरली म्हणजे एक टन वजन होतें. ती छताच्या मध्यावर न ठेवतां खालीं भिंत किंवा खांब असेल तेथें ठेवावी.

यंदा आमच्या नववीच्या मुलांनीं चैत्राच्या शेवटीं आपापल्या घराच्या छपराचा नकाशा काढून आणला. कोणी आढें कोणत्या दिशेस तें दाखविलें, कोणी कवडसे मोजले. ज्याच्या घरीं परात धरावी लागली होती तो मुलगा काड्यापेटींत घालून एक वायसर घेऊन आला. रबर बोटांत धरतांच त्याचा भुगा झाला. त्याच्या वडिलांनीं अक्षय्यतृतीयेच्या आधींच मिस्त्री ठरविला होता. रोहिणी लागल्यावर मिस्त्री कोणालाच सांपडत नाहीं, व सांपडला तर मागेल तें द्यावें लागतें.

दुरुस्ती झाल्यावरहि एक काम राहतें. पहिल्या दमदार पावसांत घरांत फिरून पाहावें, आणि ओल दिसली तर तिच्या कडेनें खडूची रेघ ओढून तारीख लिहावी. पाणी जेथें टपकतें तेथेंच छप्पर गळतें असें नाहीं. तें वाशावरून किंवा पाइपावरून दोन-दोन हात वाहत येऊन मग थेंब टाकतें. म्हणून ओलीपासून छपराच्या चढाकडे, आढ्याच्या दिशेनें, वासा हातानें चाचपीत जावें. जेथें ओलावा संपून लांकूड कोरडें लागतें, तेथें दुसरी खूण करावी. उघडीप पडल्यावर मिस्त्रीस ती दुसरी खूण दाखवावी.